कोळशाची खोरी, खचणारी जमीन आणि गाळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात कुठेही खणा, बेसाल्टच लागतो. त्यामुळे इथे भूशास्त्र शिकणाऱ्यांची कोळशाशी ओळख बहुधा नकाशांवरून आणि बोअरहोलच्या नोंदींवरून होते, आणि त्या नोंदी वाचताना तेच ते प्रश्न पडतात. एम.एस्सी.चे विद्यार्थी, खाणक्षेत्रात नव्याने काम सुरू केलेले भूशास्त्रज्ञ आणि अहवाल वाचावे लागणारे अभियंते यांच्यासाठी ही उत्तरे आहेत. उदाहरणे मुख्यतः गोंडवन खोऱ्यांची (गोंडवाना या प्राचीन महाखंडाच्या काळातल्या खोऱ्यांची) आहेत, कारण भारतातला बहुतेक कोळसा तिथलाच आहे.

जमीन खचण्याचा आणि कोळशाचा संबंध नेमका काय?

कोळसा आधी पीट असतो, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजून साठलेला वनस्पतींचा थर. त्याला दोन गोष्टी लागतात: पाण्याखाली राहणे आणि चिखल-वाळूपासून दूर राहणे. पीट वर्षाला साधारण 1 मिलिमीटर या वेगाने वाढते. हवामानाप्रमाणे हा आकडा कमी-जास्त होतो, पण हिशेबाला पुरतो. दलदलीचा तळ याहून हळू खचला तर पीट पाण्याच्या वर येते, वाळते, सडते, कधी जळते. फार वेगाने खचला तर पाणी वनस्पतींवर चढते, तळे होते आणि त्यात चिखल बसतो. दोन्ही वेग बराच काळ जुळले तरच जाड थर तयार होतो.

म्हणून "हालचाल जास्त झाली म्हणून कोळसा जाड" हे वाक्य अहवालात दिसले की थांबायचे. जाडी भूकवचाच्या हालचालीच्या आकाराने ठरत नाही, पीटच्या वाढीशी तिचा मेळ किती काळ टिकला यावर ठरते. पुढची बहुतेक उत्तरे या एकाच मुद्द्यावर उभी आहेत.

एक जाड थर बनायला किती काळ लागतो?

पीटचा बिटुमिनस कोळसा होताना जाडी साधारण सातपट ते दहापट घटते. सातपट धरा. 15 मीटर कोळशासाठी 105 मीटर पीट लागले आणि 1 मिलिमीटरच्या वेगाने त्याला 1,05,000 वर्षे लागली. सिंगरौलीतला झिंगुरदा थर 130 मीटरहून जाड आहे. तिथे याच हिशेबाने उत्तर नऊ लाख वर्षांच्या पुढे जाते.

यात एक सापळा आहे. 105 मीटर पीट एका वेळी उभे असते असे नाही. खालचे पीट वरच्या भाराने साठत असतानाच दबत जाते. त्यामुळे "तळ 105 मीटर खचला" असा अर्थ काढू नये; दबण्यातूनही जागा तयार होते आणि प्रत्यक्ष खचणे याहून बरेच कमी असते. शिवाय इतका जाड थर एकाच अखंड दलदलीचा नसतो. मधल्या राखट (म्हणजे चिखल मिसळल्याने जळल्यावर जास्त राख उरणाऱ्या) पट्ट्या पाहिल्या की एकावर एक चढलेल्या दलदली वेगळ्या ओळखता येतात.

गाळ साठायला जागा फक्त जमीन खचल्यानेच होते का?

नाही. नदीची पायरी, म्हणजे ती ज्या पातळीच्या खाली कापू शकत नाही ती पातळी, वर चढली तरी जागा होते. पुण्याजवळ हे पाहायचे असेल तर उजनीचा फुगवटा पाहा. धरण भरलेले असताना भीमेचे पाणी भिगवणच्या बाजूला थबकते, भरड गाळ फुगवट्याच्या तोंडाशीच पडतो आणि बारीक चिखल पुढे जातो. उन्हाळ्यात पातळी उतरली की नदी तोच गाळ कापत खाली जाते. जमीन तसूभरही हललेली नसते, तरी गाळाची मांडणी बदलते. समुद्रकाठच्या खोऱ्यांत हे काम समुद्रपातळी करते. गोंडवन खोरी खंडाच्या आत होती, त्यामुळे तिथे तळ्यांची पातळी, हवामान आणि खाली वाहणाऱ्या मुख्य नदीची उंची महत्त्वाची ठरते.

खोरी खचतात कशी?

तीन मुख्य मार्ग आहेत. कवच ताणले गेले की प्रस्तरभंगांवरून (ज्या भेगांवर खडकाच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकतात त्यांवरून) ठोकळे खाली सरकतात आणि खचदरी बनते. ताण थांबल्यावर तापलेले कवच थंड होऊन जड होते आणि तळ मंदावत्या वेगाने बसत राहतो. मॅकेन्झी यांच्या 1978 च्या प्रतिमानात या दुसऱ्या टप्प्याचा कालांक (वेग किती काळात मंदावतो याचे माप) सुमारे 6 कोटी वर्षांचा आहे. तिसरा मार्ग पर्वताच्या भाराचा: उंचावणारी रांग शेजारचे कवच वाकवते आणि पायथ्याशी खोलगट पट्टा तयार होतो.

कोळशाच्या दृष्टीने दुसरा टप्पा अनेकदा अनुकूल असतो, कारण वेग कमी आणि मोठ्या क्षेत्रावर सारखा राहतो. ऑस्ट्रेलियातल्या बोवेन खोऱ्यात ताण, थंड होणे आणि पर्वताचा भार हे तिन्ही टप्पे एकामागून एक येऊन गेले. आसामातला माकुमचा कोळसा, ज्यात प्रसिद्ध 60 फुटी थर आहे, ऑलिगोसीन काळातला आहे आणि आज तो रेट्याच्या (दाबाने एक बाजू दुसरीवर चढलेल्या) प्रस्तरभंगांच्या पट्ट्यात सापडतो. गोंडवन कोळशाचे निकष तिथे जसेच्या तसे लावू नयेत.

भारतातली गोंडवन खोरी ठरावीक पट्ट्यांतच का आहेत?

कारण कवच जिथे आधीच कमकुवत होते तिथेच ते ताणले गेले. प्राणहिता-गोदावरी खोरे धारवाड आणि बस्तर या दोन प्राचीन भूखंडांच्या सांध्यावर आहे, महानदीचे खोरे बस्तर आणि सिंगभूम यांच्या मधे, तर सातपुड्याचे खोरे मध्य भारतीय पट्ट्यालगत. म्हणून दामोदरची खोरी पूर्व-पश्चिम, महानदीची वायव्य-आग्नेय आणि वर्धा-गोदावरीची साधारण उत्तर-वायव्य ते दक्षिण-आग्नेय अशी लांबलेली दिसतात. जुन्या खडकांतली पर्णन रेषा (खनिजे पापुद्र्यांसारखी रचली गेल्याची दिशा) आणि खोऱ्याच्या कडेचा प्रस्तरभंग एकाच दिशेचे असतील तर तो योगायोग समजू नका.

एक गोष्ट विद्यार्थ्यांना नेहमी चकवते. बराकार (गोंडवनमधला मुख्य कोळशाचा खडकगट) काळातल्या तिरप्या थरांवरून, म्हणजे वाहत्या पाण्याने तिरकी रचलेल्या वाळूवरून, मोजलेला प्रवाह मुख्यतः उत्तरेकडे-वायव्येकडे जातो. आजची गोदावरी आग्नेयेला वाहते. आजचा उतार पाहून त्या काळच्या नदीची दिशा ठरवू नये.

अर्ध-खचदरीत गाळ कसा पसरतो?

एका बाजूला मोठा प्रस्तरभंग आणि दुसऱ्या बाजूला हळूहळू वर जाणारा उतार, अशी ही रचना. सर्वांत जास्त खचणे प्रस्तरभंगाच्या पायाशी होते, म्हणून मुख्य नदी तिकडे ओढली जाते आणि खोऱ्याच्या लांबीच्या दिशेने वाहते. कड्यावरून उतरणारे ओढे तिथे गोटे-खडीचे पंखे टाकतात. ते उंचीने मोठे पण रुंदीने लहान असतात. उताराच्या बाजूने येणाऱ्या नद्या लांब आणि शांत असतात.

चांगला कोळसा बहुधा या दोघांच्या मधल्या पट्ट्यात मिळतो. प्रस्तरभंगाला चिकटून खडी आणि चिखल येत राहतात, तिथे राख वाढते. उताराच्या टोकाला जागा अपुरी, म्हणून थर पातळ होऊन संपतो. खचणे जास्त असलेल्या बाजूला थर फाटतात आणि त्यांच्यामधल्या वाळूची जाडी वाढत जाते. बोअरहोलची आखणी करताना ओळ खोऱ्याच्या लांबीला आडवी घ्या. लांबीच्या दिशेने घेतलेल्या ओळीत हा बदल जवळजवळ दिसत नाही.

थर फाटला म्हणजे तिथे प्रस्तरभंग होता, असे म्हणता येईल का?

लगेच नाही. तीन कारणे वेगळी करावी लागतात. नदीचा फाटा दलदलीत घुसला तर मधला वाळूचा थर भिंगासारखा असतो: मधे जाड, कडांना निमुळता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना थर पुन्हा एकत्र येतो. भिन्न दबण्याने फाटला तर खालच्या वाळूच्या पट्ट्यावर थर एकसंध राहतो आणि चिखलाच्या बाजूला उतरून दुभंगतो. प्रस्तरभंगाने फाटला तर फाटण्याची रेषा नकाशावर सरळ असते, अनेक थर एकावर एक त्याच रेषेवर फाटतात आणि पुन्हा जुळत नाहीत.

निर्णायक खूण शेवटची आहे. एकच थर एका रेषेवर फाटला तर नदीवर संशय घ्या. चार थर त्याच रेषेवर फाटले तर प्रस्तरभंगावर.

प्रस्तरभंग गाळ साठताना चालू होता की नंतर झाला, हे कसे ठरवायचे?

काम या क्रमाने करा.

1. प्रस्तरभंगाच्या दोन्ही बाजूंचे किमान तीन-तीन बोअरहोल घ्या. अगदी भंगरेषेतला बोअरहोल वगळा. तिथली जाडी मोडलेली असते.
2. दोन्हीकडे खात्रीने ओळखता येणारे दोन खुणेचे थर निवडा. ज्वालामुखी राखेची पट्टी मिळाली तर सर्वांत उत्तम, कारण ती एकाच वेळी सगळीकडे पडते. जुन्नरजवळ बोरी इथे कुकडीच्या काठी सापडलेला ज्वालामुखी राखेचा थर हे अशा खुणेचे जवळचे उदाहरण. गोंडवन खोऱ्यांत अशी राख क्वचित मिळते, म्हणून मोठ्या क्षेत्रावर टिकणारा कोळशाचाच थर वापरावा लागतो.
3. वरचा खुणेचा थर आडवा धरून छेद काढा. समुद्रसपाटी आधाररेषा धरून काढलेल्या छेदात नंतरचे कलणे मिसळते.
4. खाली गेलेल्या बाजूची जाडी भागिले वर राहिलेल्या बाजूची जाडी काढा. 52 मीटर भागिले 40 मीटर म्हणजे 1.3. गुणोत्तर 1 च्या आसपास असेल तर त्या काळात प्रस्तरभंग शांत होता.
5. हे प्रत्येक जोडीसाठी करा. खालून वर जाताना गुणोत्तर कुठे वाढते आणि कुठे 1 वर येते, त्यावरून प्रस्तरभंग कधी चालला हे कळते.
6. सरकणे खोलीसोबत वाढते का ते पाहा. सगळ्या थरांचे सरकणे सारखे असेल तर प्रस्तरभंग नंतरचा.
7. शेवटी खडक पाहा. चालू प्रस्तरभंगाजवळ गोटे भरड, कोनेदार आणि सरमिसळ असतात, आणि प्रवाह भंगापासून दूर जातो.

दामोदर खोऱ्यांतल्या दक्षिणेकडच्या सीमाभंगांबद्दल जुना वाद याच ठिकाणी आहे: खोरे प्रस्तरभंगामुळे साठत गेले, की गाळाच्या मोठ्या चादरीचा तुकडा नंतर खाली सरकून वाचला? सरसकट उत्तर देऊ नका. एकाच भंगरेषेचा एक भाग जुना आणि दुसरा नवा असू शकतो. गुणोत्तर पाचव्या पायरीप्रमाणे थरागणिक काढले तरच हे उलगडते.

जाडीतला फरक मोजला, तो थेट वापरता येतो का?

हाच सर्वांत महागात पडणारा घोटाळा आहे. चिखल वाळूपेक्षा खूप जास्त दबतो. आजची जाडी साठतानाची जाडी नव्हे.

मूळ जाडी = आजची जाडी × (1 − आजची सच्छिद्रता) ÷ (1 − मूळ सच्छिद्रता). सच्छिद्रता म्हणजे खडकातल्या पोकळ्यांचा वाटा. स्क्लेटर आणि क्रिस्टी यांनी 1980 मध्ये दिलेले आकडे घेतले तर वाळूची मूळ सच्छिद्रता 0.49 आणि घटण्याचा गुणांक दर किलोमीटरला 0.27, चिखलाची 0.63 आणि 0.51. 1 किलोमीटर खोलीवर दोघांची सच्छिद्रता सुमारे 0.37-0.38 येते. म्हणजे वाळूची जाडी 1.23 पटीने आणि चिखलाची 1.68 पटीने वाढवावी लागते.

आता दोन बोअरहोल घ्या. अ मध्ये 50 मीटर वाळू आणि 10 मीटर चिखल, एकूण 60. ब मध्ये 10 मीटर वाळू आणि 40 मीटर चिखल, एकूण 50. गुणोत्तर 1.2, म्हणजे प्रस्तरभंग चालू होता असे वाटते. दबणे उलटवल्यावर अ सुमारे 78 मीटर आणि ब सुमारे 79 मीटर. हालचाल शून्य.

दोन सावधगिऱ्या. हे गुणांक उत्तर समुद्रातल्या खोऱ्यांवरून काढलेले आहेत. बराकारच्या फेल्स्पारयुक्त वालुकाश्माला तुमच्या कोअरवर (बोअरहोलमधून काढलेल्या खडकाच्या दंडगोलावर) मोजलेली सच्छिद्रता बसवा. आणि खोली आजची धरू नका, आजवरची सर्वाधिक धरा. वरचा खडक झिजून गेलेला असतो, आणि किती खोल गाडले गेले होते याचा अंदाज कोळशाच्या परिपक्वतेवरून (तो उष्णतेने किती बदलला यावरून) येतो.

1,000 मीटर गाळ साठला, म्हणजे हालचालीने तळ 1,000 मीटर खचवला का?

नाही. गाळ स्वतःच्या वजनाने कवच दाबतो. पाण्याने भरलेल्या खोऱ्याचा साधा समतोल धरला तर हालचालीचा वाटा = जाडी × (3.3 − 2.4) ÷ (3.3 − 1.0), म्हणजे 0.39 (3.3, 2.4 आणि 1.0 या कवचाखालचा खडक, गाळ आणि पाणी यांच्या घनता). हजारातले सुमारे 390 मीटर हालचालीचे, उरलेले भाराचे. खोरे अरुंद असेल तर आजूबाजूचे ताठ कवच भार पेलते आणि हालचालीचा वाटा याहून मोठा निघतो. गोंडवनच्या अरुंद खचदऱ्यांत 0.39 ही खालची मर्यादा समजा.

बराकारमध्ये वाळू, चिखल, कोळसा हे चक्र पुन्हा पुन्हा येते. प्रत्येक चक्र म्हणजे एक धक्का का?

नाही. नदी पात्र बदलते, जुने पात्र भरते, त्यावर दलदल येते आणि नदी परत येते. काही मीटर जाडीचे चक्र एवढ्यानेच बनते. शेजारच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये जे चक्र सापडत नाही ते नदीचे. जे अख्ख्या क्षेत्रावर, वेगवेगळ्या नद्यांच्या गाळातही एकाच पातळीवर दिसते, त्याच्यासाठीच हालचाल किंवा हवामानाकडे पाहा.

बोअरहोलमध्ये अपेक्षित थर लागला नाही. प्रस्तरभंग की नदीने कापून नेला?

कोअर पेटी उघडून थराच्या अपेक्षित जागेवर हे पाहा. नदीने कापला असेल तर भरड वाळूचा तळ खडबडीत असतो आणि त्यात कोळशाचे आणि चिखलाचे तुकडे अडकलेले सापडतात. त्या वाळूच्या वरच्या आणि खालच्या खुणांमधले अंतर शेजारच्या बोअरहोलइतकेच राहते. सामान्य प्रस्तरभंग असेल तर थरासोबत वरखालचा खडकही गायब असतो, खुणांमधले अंतर घटते, घासलेले चकचकीत पृष्ठ, चुरा आणि बदललेला कल दिसतो. रेट्याच्या भंगात उलट, तोच थर दोनदा लागतो.

तिसरी शक्यता विसरू नका: कोअर हरवला असेल. कोळसा ठिसूळ असतो. घनतेचा लॉग (बोअरहोलमध्ये उपकरण उतरवून घेतलेली नोंद) पाहा. कोळसा साधारण 1.3 ते 1.7 आणि वालुकाश्म 2.2 च्या वर येतो (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर). फक्त गॅमावर, म्हणजे खडकाच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाच्या लॉगवर, विसंबू नका. बराकारच्या वालुकाश्मात पोटॅशियमयुक्त फेल्स्पार असल्याने तिथे गॅमा चिखलाइतका वर जाऊ शकतो.

राख आणि गंधकावरून हालचालीबद्दल काही कळते का?

काही प्रमाणात. राख थराच्या वरच्या बाजूला सलग वाढत गेली तर दलदल बुडत होती, म्हणजे खचणे पीटच्या पुढे गेले. वर जाताना राख घटली तर उलट. गंधक मात्र मुख्यतः खाऱ्या पाण्याची खूण आहे: गोंडवन कोळशात ते कमी आणि आसामच्या कोळशात जास्त, कारण तिथे समुद्र जवळ होता.

गाळ साठून झाल्यावरच्या हालचालींचा परिणाम?

खूप. नंतरच्या प्रस्तरभंगांनी थर वाचवलेही आणि तोडलेही. झरियात लॅम्प्रोफायर आणि डोलेराइट हे तप्त अग्निजन्य खडक घुसून कोळशाचा झामा (उष्णतेने भाजलेला कोळसा) झाला. त्या पट्ट्यातले नमुने परिपक्वतेच्या हिशेबातून काढून टाका, नाहीतर गाडण्याची खोली फुगते.

पुण्याखाली कोळसा असेल का?

आजवरच्या खोल बोअरहोलांवरून आशेला आधार मिळत नाही. कोयना परिसरातल्या 3 किलोमीटर खोल प्रायोगिक बोअरहोलमध्ये सुमारे 1,247 मीटरपर्यंत बेसाल्ट आणि खाली थेट ग्रॅनाइटी पाया लागला. किल्लारीत 338 मीटर बेसाल्टखाली जेमतेम 8 मीटर गाळाचा खडक आणि मग पाया. पूर्वेकडे चित्र बदलते: वर्धा खोऱ्यात काही ठिकाणी ट्रॅपखाली (याच बेसाल्टच्या थरांखाली) गोंडवन खडक आहेत.

पुण्याहून अभ्याससहलीला जायचे तर कुठे आणि काय मोजायचे?

चंद्रपूर-वणी-बल्लारपूर परिसर. इरईजवळ तळचीर (बराकारच्या आधीच्या) काळातल्या हिमनदीने ओरखडलेला चुनखडक, उघड्या खाणींत बराकारचा जाड संयुक्त थर, आणि त्यावर विषमपणे (मधे साठण्याचा खंड पडून) बसलेला लालसर-पिवळा कामठी वालुकाश्म, एवढे एका दौऱ्यात पाहता येते. खाणीची लेखी परवानगी बरीच आधी मागा, हेल्मेट आणि बूट सक्तीचे, आणि स्फोटाची वेळ विचारल्याशिवाय बाकावर (खाणीतल्या पायरीवर) उतरू नका.

प्रत्येक ठिकाणी तिरप्या थरांचे किमान 25 कल मोजा आणि थरांचा आजचा कल त्यातून वजा करा. थराची जाडी कलाला काटकोनात मोजा: 20 अंश कलावर उभे मोजलेले 10 मीटर प्रत्यक्षात 9.4 भरतात. प्रस्तरभंगाजवळ दोन्ही बाजूंच्या खुणांमधले वाळू आणि चिखल वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. एकच एकूण आकडा लिहिला तर पुण्याला परतल्यावर दबण्याचा हिशेब करता येणार नाही.